बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढू लागल्यास तपास कोणत्या क्रमाने करावा

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर-आतड्यांवर केलेली शस्त्रक्रिया होऊन तीन-चार वर्षे झालेली असतात. गोड बंद, तळण बंद, सकाळचे चालणे नियमित, आणि तरीही वजनकाटा महिन्याला अर्धा-पाऊण किलोने वर सरकत असतो. अशा व्यक्तीला घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही एकच सांगतात, की खाणे आणखी कमी करा. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा निरुपयोगी आणि काही वेळा घातक ठरतो. आधीच थोडे खाणाऱ्या माणसाने ताटातले आणखी काढायचे ठरवले, की पहिली गदा उसळ-डाळ-अंड्यांवर येते. त्यातून स्नायू झिजतात, शरीराचा रोजचा खर्च घटतो आणि वजन उतरणे पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसते. म्हणून आधी कारण शोधावे आणि मग उपाय ठरवावा. हा शोध स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून महाग आणि जोखमीच्या गोष्टींकडे न्यावा, या क्रमाने पुढचे विवेचन केले आहे. ते स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करणे), बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणे, म्हणजे मधले आतडे वगळले जाते) आणि मिनी बायपास (त्याच तत्त्वाचा, एकाच जोडाचा प्रकार) या तीन शस्त्रक्रियांना धरून आहे, आणि शस्त्रक्रियेला किमान दीड वर्ष उलटून गेले आहे असे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: वाढ खरी आहे का आणि किती आहे

शस्त्रक्रियेनंतर वजन साधारण बारा ते चोवीस महिन्यांत आपल्या तळाला पोहोचते आणि त्यानंतर त्यात थोडी वाढ होणे अपेक्षितच असते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी पुरेशा स्पष्टपणे सांगितली जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे उतरलेल्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा परत येणे हे सरासरीतच मोडते, आणि उरलेली घट तेव्हाही टिकून होती.

आपला हिशेब याच पद्धतीने मांडावा. समजा, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो होते, सर्वांत कमी ७० किलो झाले आणि आज ७९ आहे. उतरलेले ४२ किलो, परत आलेले ९ किलो, म्हणजे सुमारे २१ टक्के. नुसते ‘नऊ किलो वाढले’ असे म्हणण्यापेक्षा ही टक्केवारी अधिक बोलकी असते, आणि डॉक्टरांशी बोलतानाही तीच उपयोगी पडते. वाढ पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली असेल, किंवा टक्केवारी कमी असूनही सहा महिने सलग चढत असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, झोपेतले घोरणे यांनी पुन्हा डोके वर काढले असेल, तर तपासाला लगेच लागावे.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी करावे. पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठता, आदल्या रात्रीचे लोणचे-पापड यांनी एक-दीड किलोचा फरक सहज पडतो, त्यामुळे रोज काट्यावर उभे राहून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही. सोबत बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. वजन दोन किलोने वाढले, पण कंबर तेवढीच राहिली आणि जिने चढण्याची ताकद वाढली, तर ती वाढ बहुधा चरबीची नसते.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा. दोन-चार दिवसांत दोन-तीन किलो वाढले, पायांवर बोट दाबले असता खळगा राहतो, आडवे झाल्यावर धाप लागते, यांपैकी काही होत असेल तर ते शरीरात साचलेले पाणी असू शकते. त्यामागे हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असण्याची शक्यता असते. अशा वेळी आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

दुसरी पायरी: शरीर काय करते आहे, हे समजून घेणे

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि त्यासोबत घ्रेलिन हे भूक जागवणारे हार्मोन जिथे मुख्यत्वे तयार होते तो भागही जातो. म्हणून पहिले वर्षभर भूक जवळजवळ नाहीशी झाल्यासारखी वाटते. पुढे शरीर सावरते. चरबी कमी झाल्यामुळे लेप्टिन हे तृप्तीची खबर देणारे हार्मोन घटलेले असते, उरलेले जठर काही प्रमाणात सैलावते, भूक परतते. ही भूक मनाच्या कमकुवतपणाची नसून घटलेली चरबी भरून काढण्याच्या शरीराच्या धडपडीची असते.

दुसरी बाजू खर्चाची. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या अवस्थेतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. त्यांची शस्त्रक्रिया झालेली नव्हती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये, पण दिशा लक्षात घ्यावी. शिवाय साधा हिशेबही आपल्या विरुद्ध जातो. अर्धा तास झपझप चालण्याला ११२ किलोच्या शरीराला साधारण १९५ कॅलरी लागतात. तेच अंतर त्याच वेगाने ७० किलोचे शरीर १२० कॅलरींत पार करते. व्यायाम तोच राहिला तरी त्याचे फळ घटत जाते, ते असे.

तिसरी पायरी: औषधांचा डबा रिकामा करून पाहणे

या पायरीला एक पैसाही लागत नाही आणि नेमकी हीच गाळली जाते. गेल्या तीन वर्षांत सुरू झालेल्या सर्व औषधांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर सुरू केल्याचा महिना लिहावा. मग तीच यादी वजनाच्या नोंदीशेजारी ठेवावी. वजन वाढवू शकणारी औषधे सर्रास वापरातली आहेत: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, दमा किंवा संधिवातासाठीचे प्रेडनिसोलोन, मायग्रेनसाठी किंवा झोपेसाठी दिलेले ॲमिट्रिप्टिलिन, नसांच्या दुखण्यावरचे प्रेगाबालिन, मानसोपचारातील ओलान्झापिन आणि मिर्टाझापिन, फिट्ससाठीचे व्हॅल्प्रोएट, रक्तदाबावरचे ॲटेनोलोल, गर्भनिरोधक इंजेक्शन. यांतले एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करायचे नाही. स्टेरॉइड आणि फिट्सची औषधे एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. मात्र ‘याला पर्याय आहे का’ हा प्रश्न ज्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले त्यांनाच विचारावा, आणि शस्त्रक्रिया झाली असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

याच भेटीत रक्ततपासण्या उरकून घ्याव्यात: टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या तपासण्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती कशी घेतली जाते हेही तपासावे. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम आणि लोह कायमचे मागे लागलेले असते, आणि अनेक जण सगळ्या गोळ्या सकाळी एका घोटात घेऊन मोकळे होतात. कॅल्शियम व लोह यांमुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते, म्हणून त्यांत किमान चार तासांचे अंतर हवे. दंडावर-मांड्यांवर सहज काळेनिळे डाग पडणे, पोटावर रुंद जांभळट पट्टे उमटणे, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर न राहणे अशी लक्षणे असतील तर कॉर्टिसोल हे शरीरातले स्टेरॉइड हार्मोन वाढले आहे का हे पाहण्यासाठी हार्मोनतज्ज्ञांकडे जावे. पाळी थांबण्याचा काळ आणि पीसीओएस (स्त्रियांमधला अंडाशय व हार्मोनांचा विकार) यांचाही हातभार असतो. पण सगळे खापर त्यांच्यावर फोडून मोकळे होऊ नये.

चौथी पायरी: सात दिवसांची खरी नोंद

‘मी पौष्टिकच खाते’ हे विधान बहुतेकदा खरेच असते. अडचण अशी, की पौष्टिक आणि कमी ऊर्जेचे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शस्त्रक्रियेने लहान केलेले जठर घट्ट, चावून खाण्याच्या अन्नाला अडवते, पण पातळ, मऊ आणि कुरकुरीत अन्नाला फारसे अडवत नाही. दूध-केळे सरळ सरकून जाते. खाकरा चहासोबत तोंडातच विरघळतो.

नोंद करताना खाल्लेला प्रत्येक पदार्थ, वेळ आणि शक्य तिथे वजन लिहावे. स्वयंपाकघरातला चार-पाचशे रुपयांचा डिजिटल काटा या कामाला पुरतो. उदाहरणादाखल, ठाण्यात राहणाऱ्या आणि घरून काम करणाऱ्या एका बाईंची नोंद कल्पून पाहू. पहाटे भिजवलेले दहा बदाम, ७० कॅलरी. दिवसभरात म्हशीच्या दुधाचे तीन चहा, साखर सोडली म्हणून गुळाचे, मिळून २२५. अकरा वाजता केळे, खजूर आणि दूध फिरवून पेलाभर, सुमारे ३३०. दुपारचे जेवण म्हणजे एक फुलका, कूट घातलेली पालेभाजी आणि वाटीभर आमटी, ३२०. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे, १७०. सहा वाजता दोन खाकरे, १४०. रात्री सूप आणि पनीरचे चार तुकडे, २५०. एकूण १,५०० च्या आसपास. यात वडापाव नाही, मिठाई नाही, कुणी बोट ठेवावे असे काही नाही. पण दोन्ही जेवणे मिळून जेमतेम ५७० कॅलरी, आणि बाकी नऊशेहून अधिक कॅलरी जेवणांच्या मधल्या वेळेत गेल्या. प्रथिने मात्र ४५-५० ग्रॅमच्या पुढे गेली नाहीत.

मराठीत याला चरणे म्हणतात. येता-जाता डबा उघडून तोंडात काही टाकत राहण्याची ही सवय शस्त्रक्रियेनंतर बळावते, कारण एका वेळी फारसे खाल्ले जात नाही आणि दर दोन तासांनी थोडे खा, असे पहिल्या काही महिन्यांत सांगितलेलेच असते. तो सल्ला तेव्हापुरता होता. दीड वर्षानंतरही तो पाळत राहणे हे वजन परतण्याचे मला सर्वांत अधिक दिसलेले कारण आहे.

नोंदीत तीन गोष्टी हमखास सुटतात. पहिली तेल. ते पदार्थात मोजता येत नाही, म्हणून डब्यावरून मोजावे: चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३३ मिली, म्हणजे साधारण २७५ कॅलरी होतात. फोडणीच्या पळीऐवजी चहाचा चमचा वापरला तर यातले निम्मे वाचते. दुसरी गोष्ट दाण्याचे कूट आणि ओले खोबरे. आपल्या भाज्यांना त्यांच्याविना चव येत नाही हे मान्य, पण दोन मोठे चमचे कुटाच्या शंभरावर कॅलरी होतात. तिसरी गोष्ट उपवास. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही: साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, आणि कूट व तूप घातलेली मध्यम बशीभर खिचडी चारशेच्या पुढे जाते, तर प्रथिने सात-आठ ग्रॅमच मिळतात. उपवास करायचाच असेल तर ताक, पनीर, दही आणि फळ यांवर करावा.

मद्याबद्दल थोडक्यात. बायपासनंतर ते रक्तात फार लवकर चढते, व्यसन लागण्याचा धोका वाढतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ कॅलरी असतात. ते टाळलेलेच बरे.

पाचवी पायरी: जेवणाची घडी नव्याने बसवणे

कॅलरी कापण्याऐवजी जागा बदलावी: मधल्या वेळच्या कॅलरी जेवणात आणाव्यात आणि त्या प्रथिनांच्या रूपात आणाव्यात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हे साधारण उद्दिष्ट असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शाकाहारी दिवस असा बसवता येतो. सकाळी ४० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, आत ५० ग्रॅम कुस्करलेले पनीर. दुपारी वाटीभर मटकीची उसळ, दही आणि अर्धी ज्वारीची भाकरी. संध्याकाळी ताक आणि ३० ग्रॅम फुटाणे. रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी आणि अर्धा फुलका. एवढ्यात साधारण ६० ग्रॅम प्रथिने होतात. मांसाहार करणाऱ्यांचे काम सोपे आहे, कारण दोन अंड्यांत १२ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम बांगड्यात १९ च्या आसपास प्रथिने मिळतात. मात्र बांगडा रवा लावून तेलात सोडला की हिशेब बदलतो.

ताटातला प्रथिनांचा पदार्थ आधी संपवावा, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास थांबावे, कारण पाण्याने अन्न लवकर खाली सरकते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. जेवण वीस ते तीस मिनिटांचे असावे. तीन जेवणे आणि एक ठरलेला मधला आहार एवढेच ठेवावे. त्याखेरीज पाणी, बिनसाखरेचा काळा चहा किंवा पातळ ताक चालते.

बायपास झालेल्यांनी इथे एक वेगळी गोष्ट तपासावी. जेवणानंतर एक ते तीन तासांनी हात थरथरणे, घाम फुटणे, गळून जाणे आणि त्यावर काही गोड खाल्ल्याशिवाय बरे न वाटणे, असे होत असेल तर रक्तातील साखर एकदम खाली येत असण्याची शक्यता आहे. भात, पोहे, फळांचा रस यांनी साखर झपाट्याने चढते, प्रतिक्रियेत इन्सुलिन जास्त सुटते आणि साखर कोसळते. मग माणूस बिस्किट खातो, पुन्हा चढ-उतार होतो, आणि वजन वाढत राहते. त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर तपासून आकडा लिहून ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. यावर आहारात बदल आणि गरज पडल्यास औषध, असे उपाय आहेत. चक्कर येऊन शुद्ध हरपण्यापर्यंत मजल गेली असेल तर थांबू नये.

सहावी पायरी: चालण्याला जोर-बैठकांची जोड

चालणे सोडू नये, पण केवळ चालण्यावर भिस्त ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर जे वजन उतरते त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते परत मिळवायला आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर भार देणारा व्यायाम लागतो. सुरुवात घरातच होते: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ओढणे. प्रत्येकाची दोन-तीन आवर्तने करावीत आणि सोपे वाटू लागले की भार वाढवावा. पोटाच्या भिंतीत हर्निया असेल किंवा गुडघे फार दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम ठरवून घ्यावा. वजनकाट्यावर याचा परिणाम दोन-तीन महिने दिसणार नाही. कमरेच्या मापावर आधी दिसेल.

झोप सहा तासांपेक्षा कमी होत असेल, रात्री उठून खाल्ले जात असेल, किंवा थांबवता न येणारे अधाशी खाणे अधूनमधून होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट हा उपचाराचाच भाग समजावा.

सातवी पायरी: आतली रचना पाहणे

वरील सर्व करून तीन महिन्यांत वाढ थांबली नाही, किंवा पूर्वी अर्ध्या वाटीत भरणारे पोट आता दोन वाट्यांनीही भरत नाही असे जाणवत असेल, तर शस्त्रक्रिया केलेल्या किंवा तशाच अनुभवी शल्यविशारदांकडे जावे. सोबत मूळ शस्त्रक्रियेचा कागद न्यावा. त्यात आतड्याची लांबी किती वगळली हे लिहिलेले असते, आणि डिस्चार्ज कार्डवर बहुधा नसते. तोंडावाटे जठरात घातलेल्या दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) आणि बेरियमचे द्रावण पाजून काढलेला एक्स-रे यांतून जठराची पिशवी ताणली आहे का, पिशवी आणि आतडे यांचा जोड रुंदावला आहे का, आणि बायपासमध्ये वेगळे केलेले दोन भाग पुन्हा एकमेकांना जुळून अन्न जुन्या वाटेने जाऊ लागले आहे का, हे कळते. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढली असेल तर तीही याच वेळी सांगावी, कारण पुढचा उपाय निवडताना तिचे महत्त्व मोठे असते.

औषधे आणि दुसरी शस्त्रक्रिया

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांपैकी टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीच्या मात्रेतले सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आले. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनावरही डॉक्टर त्यांचा वापर करू लागले आहेत. माझा कल असा आहे, की रचनेत बिघाड नसेल तर दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी औषधाचा विचार व्हावा. मात्र ते बंद केल्यावर वजन परतते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला होता. म्हणून किती वर्षांचा खर्च झेपेल हे सुरू करण्यापूर्वीच पाहावे. या औषधांनी भूक आणखी घटते आणि मळमळ होते, त्यामुळे प्रथिनांकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते. वारंवार उलट्या झाल्या तर बी१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होऊन मज्जासंस्थेला इजा पोहोचू शकते. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा घरात इतिहास असल्यास ही औषधे घेत नाहीत, आणि स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. जिममध्ये किंवा ओळखीतून मिळणारे इंजेक्शन घेऊ नये.

रुंदावलेला जोड दुर्बिणीतून टाके घालून अरुंद करता येतो. स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करता येते, आणि तीव्र आम्लपित्ताचा त्रास असल्यास त्याचा दुहेरी फायदा होतो. पण दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा धोका पहिलीपेक्षा अधिक असतो आणि उतरणारे वजन सहसा कमी असते. होकार देण्याआधी शल्यविशारदांना विचारावे: माझ्या बाबतीत नेमका कोणता दोष आढळला, तुम्ही अशा दुरुस्तीच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, किती किलो उतरण्याची अपेक्षा धरू, आणि जीवनसत्त्वांच्या कमतरतेचा धोका किती वाढेल. विम्याबाबत, भारतातील पॉलिसींमध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० किंवा अधिक, अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ किंवा अधिक, अशी अट असते. वजन अर्धेच परतलेल्या रुग्णाचा बीएमआय पुष्कळदा त्याखाली असतो. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी, दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल जोडून, विमा कंपनीकडून लेखी पूर्वमंजुरी मागून घ्यावी.